पेटीतले तांदूळ

"सुकले हे, वहिनी," धनीराम म्हणाला, आणि शकुंतलाबाईंनी चटकन खाटेकडे पाहिलं. मग आपण तिकडे का पाहिलं याची त्यांची त्यांनाच शरम वाटली. धनीराम बोलत होता तो कंडेन्सरबद्दल. लाऊडस्पीकरची मोठी लाकडी पेटी त्याने ओसरीवर पालथी घातली होती, मागची फळी काढली होती, आणि आतल्या अंगठ्याएवढ्या दोन नळकांड्यांकडे पेचकसाचं टोक रोखून तो उकिडवा बसला होता. नळकांड्यांच्या टोकांशी पांढुरकी भुकटी जमली होती. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीलगतच्या खाटेवर, त्यांचे यजमान सोमाजी नेहमीसारखे उताणे होते. डोळे उघडे. डोळे उघडे असण्याला आता काही अर्थ नाही, असं शकुंतलाबाईंनी स्वतःला अनेकदा बजावलं होतं, तरी बोलण्यात असा एखादा शब्द आला की त्यांची मान आपसूक तिकडे वळे. गल्लीच्या तोंडाशी भांडेवाल्यांची ठोकाठोक चालू होती. भंडाऱ्यात या गल्लीत राहायचं म्हणजे पितळेवरच्या हातोड्या कानात घेऊनच राहायचं, आणि नवीन लग्न होऊन आल्यावर शकुंतलाबाईंचं डोकं दुखायचं ते याच आवाजाने. आता तो थांबला की दुखतं.

"जास्त वापरलेच नाही त सुकतीन कसे?" त्यांनी विचारलं.

"वापरले नाही म्हनूनच त सुकतेत. मशीन जोरात चालत राहिली का हे बी ताजे राह्यतेत. नुसतं पडून राहिलं का अंदरच्या अंदर सुकून जाते. वरून काई दिसत नाही. बदलून टाकू?"

"पाहू."

"त्यात पाह्यचं काय आहे, वहिनी? करडीची मंडई आली तोंडावर. मागच्या साली नाटकातली माय कोनती अन् दरोडेखोर कोनता, आवाजावरून समजतच नोहतं म्हनत लोक. दोघंबी डोक्यावर घोंगडं घेऊन बोलून राहिले असे. या वक्ती असंच झालं त लोकं मलेच स्टेजवर चढवतीन."

धनीराम हसला. एरवी शकुंतलाबाईही हसल्या असत्या. हा माणूस सोमाजींच्या हाताखाली भोंगे बांधायला शिकला, आणि सोमाजी खाटेला खिळल्यावर त्यानेच सेट चालू ठेवला. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया भरतात, मंडईच्या गावी पहाटेपर्यंत नाटक चालतं, आणि करडीच्या नाटकाला सोमाजींच्याच पेट्या लागतात. हे इतकी वर्षं चालत आलेलं होतं की सोमाजींनाच लकवा मारला तरी त्यात खंड पडेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. शकुंतलाबाईंच्याही नाही. त्यांना धनीरामचा राग आला तो एवढ्यासाठीच, की तो सरळ बोलत होता. दोन नळकांड्या काढायच्या, दोन बसवायच्या, चार ठिकाणी कथलाचा डाग द्यायचा. चहा उकळेपर्यंत होणारं काम. त्यासाठी एखादी बाई खांबाला टेकून अशी गप्प का उभी राहावी, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं.

या पेट्या सोमाजींनी तुमसरच्या बाजूच्या, धंद्यात बुडालेल्या एका तंबूच्या टॉकीजवाल्याकडून आणल्या होत्या. बैलगाडीतून आणल्या, वर पांघरूण घालून, आणि गाडीच्या मागे स्वतः चालत आले, पेटीला हादरा बसला की कळावं म्हणून. शकुंतलाबाईंना वाटलं होतं, नवरा काहीतरी संसाराचं सामान घेऊन येतो आहे. त्या दोन काळ्या कपाटांना पाहून त्यांनी कपाळाला हात लावला होता. पण त्यातून आवाज निघाला तेव्हा गल्लीतली ठोकाठोक बंद पडली. भोंग्याचा आवाज सगळीकडेच असतो, तो नाकातून आल्यासारखा येतो. हा छातीतून येत होता. पुढे तर गावोगाव लोक तलावाच्या पारीवरून, बांधावरूनच ओळखू लागले, सोमाजीच्या पेट्या लागल्या म्हणून. ओळखायला एक खूणही होती. तबल्याचा डग्गा घुमला किंवा नाटकातला राजा खर्जात गरजला की उजव्या पेटीतून एक बारीकशी झर्र निघायची. खोट होती, पण लोकांच्या कानाला तिची सवय झाली होती. एकदा करडीच्या म्हाताऱ्यांनी म्हणे शेजारच्या गावात दुसऱ्याचा सेट लागलेला पाहून तोंडं फिरवली होती, की यात आपली झर्र नाही. सोमाजी ही गोष्ट फुशारकीने सांगत. खोट दुरुस्त का करत नाही म्हटलं तर विषय बदलत.

मंडयांचा हंगाम लागण्याआधी पेट्या गल्लीत मांडून आवाज तपासायचा, हा सोमाजींचा नेम होता. अॅम्प्लिफायर मशीनच्या बटणावर शकुंतलाबाई. हेही त्यांनीच ठरवलेलं. सोमाजी चालत चालत गल्लीच्या पार टोकाला, भांडेवाल्यांच्या दुकानांपाशी जाऊन उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि हाताने खुणा करायचे. तळवा वर, म्हणजे आवाज वाढव. तळवा खाली दाबला, म्हणजे कमी कर. मूठ मिटली, म्हणजे हं, इथेच ठेव. ओरडून कधी सांगायचे नाहीत. "ओरडूनच सांगाचं त मंग मशीन कायले पाह्यजे?" बटण केसभर जास्त फिरलं तरी गल्लीच्या त्या टोकाला तो हात लगेच खाली दबायचा. भांडेवाले ठोकणं थांबवून बघत बसायचे, आणि शकुंतलाबाई पदर सावरून, ओठ दाबून, त्या लांबच्या हाताकडे बघत बटण फिरवत राहायच्या. घरात दोघांचं बोलणं बेताचंच. भाजीत मीठ आहे का, पाणी तापलं का. पण या गल्लीभर अंतरावरून जे चालायचं ते बोलणंच होतं, आणि संसारातलं सगळ्यात चांगलं बोलणं तेच, हे त्यांना आता, सगळं बंद पडल्यावर, कळत होतं. मूठ मिटली की त्यांना बरं वाटायचं. आपण कुठेतरी अगदी बरोबर जाऊन पोचलो, असं वाटायचं.

मग लकवा. एका सकाळी दात घासता घासता सोमाजी विहिरीपाशी बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सोमाजींच्या डोळ्यांत बत्ती मारून पाहिलं आणि सांगितलं, समजतं किती आणि नाही किती, सांगता यायचं नाही. हे एक वाक्य शकुंतलाबाई घरी घेऊन आल्या, आणि गेली तीन वर्षं त्याच्याशीच त्यांचा संसार चालला होता. सुरुवातीला त्या खाटेशी बसून बोलायच्या. पाणी देऊ का, कूस बदलू का, करडीवाले आले होते, तुमची आठवण काढत होते. उत्तर नाही. डोळे वळायचे, पण ते भिंतीवर पाल सरकली तरी वळायचे. डावा हात गोधडीवर काहीतरी चाचपत राहायचा, त्याला ना शेंडा ना बुडखा. उत्तर न देणाऱ्या माणसाशी किती दिवस बोलणार? हळूहळू त्या सोमाजींशी बोलायच्या ऐवजी सोमाजींबद्दल बोलू लागल्या. त्यांच्यासमोरच. यांनी खाल्लं नाही, यांचं अंग खराब झालं, यांना ऊन लागतं. कधी कपडा बदलताना, हात भरला म्हणजे, तोंडातून नको तेही जायचं. जे अजाण पोरालाही बोलू नये ते. फक्त दुपारी न चुकता त्या मशीन लावत आणि सोमाजींनी करडीच्या नाटकात भरून घेतलेली गाण्यांची कॅसेट पेट्यांवर बारीक आवाजात वाजवत. "तेवढं मात्र ऐकतेत बाप्पा," असं शेजारणीला सांगत. सांगताना आपण हे नवऱ्यासाठी बोलतो आहोत की स्वतःसाठी, याचा उलगडा त्यांना होत नसे.

आणि आता धनीराम म्हणत होता, बदलून टाकू. खाटेवरच्या त्या माणसाचा कान असा, की जेवता जेवता घास हातात ठेवून उठायचा, कारण दोन गल्ल्या पलीकडच्या लग्नात भोंग्याचा स्क्रू ढिला झालेला त्याला ऐकू आलेला असायचा. शेजारच्यांनी भिंतीवरचं घड्याळ सरकवलं तर यांना टिकटिकीवरून कळायचं. नवीन कंडेन्सर घातले, पेट्यांचा आवाज पालटला, आणि तरीही त्या खाटेवर काहीच हललं नाही, तर? तर मग तिथे कुणी नाही. तर मग तीन वर्षं दुपारी दुपारी कॅसेट वाजली ती भिंतीला. तेव्हा पाहू म्हणणंच बरं. सुकलेल्याला सुकलेलं राहू द्यावं, घोंगड्यातून का होईना, आवाज येतो आहे ना? असं मनात आलं आणि शकुंतलाबाईंना थोडं हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही, कारण त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट उभी राहिली. आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. समजा, हललं. समजा, सोमाजींना फरक कळला. म्हणजे ते तिथे आहेत. म्हणजे आज आहेत, काल होते, आणि पोळ्याच्या दिवशीही होते.

पोळ्याला करडीहून धाकटी बहीण ललिता आली होती. दोघी बहिणी ओसरीवरच, खाटेपासून हातभर अंतरावर, करंज्या करत बसल्या होत्या. ललिताने सहज विचारलं, "कसं चालून राह्यलं बाई तुयं?" इतक्या मायेने कुणी विचारल्याला फार दिवस झाले होते. शकुंतलाबाईंचं लाटणं थांबलं, आणि त्या बोलून गेल्या. "सकारी उठलं का मी पह्यले यायच्या छातीकडे पाह्यतो. वरखाली होऊन राहिली का नाही. होऊन राहिली असली ना ललिते, त मले राग येते. देवाची आन, राग येते. वाटते, आजबी आहेच का." ललिताने दचकून खाटेकडे पाहिलं. "हळू बोल ना बाई, भाऊजी ऐकतीन." आणि त्या म्हणाल्या होत्या, "ऐकू दे. ऐकाले कोन आहे तिथी?" त्यानंतर दोघींनी करंज्या तळल्या. सोमाजींसाठी एक मऊ करून दुधात कुस्करली. त्या दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा कमी खाल्लं होतं. पोट बिघडलं असेल, असं तेव्हा वाटलं होतं. आता ती दुधाची वाटी, न संपलेली, एकसारखी डोळ्यांसमोर येत होती.

"हे काय आहे?" शकुंतलाबाईंनी विचारलं. धनीरामने पेटी कलती केली तसं आत काहीतरी सळसळलं होतं. त्याने बॅटरी मारली. आवाजाने थरथरणाऱ्या कागदी कोनाच्या कडेच्या खोबणीत, तारांच्या आड, तांदूळ होते. बरेच. काही काळे पडलेले, काही पिवळट, काहींवर अजून कुंकवाचा लाल रंग. शकुंतलाबाई वाकून बघतच राहिल्या. दसऱ्याचे होते ते. दर दसऱ्याला सोमाजी आपली हत्यारं मांडत, पेचकस, पकड, मशीन, माईक, भोंगे, आणि शेवटी या दोन पेट्या. आणि शकुंतलाबाई हळदकुंकू लावून, हात जोडून, वर अक्षता टाकत. टाकत म्हणजे चांगल्या मूठभरून टाकत. उजव्या पेटीचं जाळीचं कापड एका कोपऱ्यात उसवलेलं होतं. तिथून दाणे आत जात असतील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"म्हंजे ती झर्र..." त्या म्हणाल्या.

"हेच त होय ती. डग्गा वाजला का हे दाने कोनावर नाचतेत." धनीराम हसला. "तुमाले मालूम नोहतं? मले वाटे तुमी दोघायनं मिळूनच ठेवले. मी नवीन होतो तवा एकडाव पेटी खोलली अन् ब्रश घेऊन झाडाले लागलो, त भाऊ असे चिडले! हात पकडला माया. म्हने, घरवालीचे तांदूळ आहेत ते, हात नोको लावू. मी म्हनलं, भाऊ, आवाज फाटते ना. त म्हने, फाटू दे."

शकुंतलाबाई चहा ठेवते म्हणून आत गेल्या आणि स्टोव्ह न पेटवताच फडताळाला पाठ लावून उभ्या राहिल्या. फाटू दे. ज्या माणसाने सूर केसभर सरकलेला कधी चालवून घेतला नाही, त्याने ही झर्र वर्षानुवर्षं चालवून घेतली, गावोगाव मिरवली, आणि घरात एका शब्दाने बोलला नाही. दर वर्षी पेटी उघडत असतील, नवीन दाणे पडलेले बघत असतील, आणि फळी पुन्हा लावून टाकत असतील. दसऱ्याला आपण मूठभरून टाकत असताना बाजूला उभे राहून काय वाटत असेल त्यांना? हसू येत असेल का? आणि अशा माणसासमोर आपण म्हणालो, ऐकाले कोन आहे. शकुंतलाबाईंना एकदम, खूप जोरात, वाटलं की विचारावं. जे असेल ते असो, पण विचारावं. तोंडाने विचारून तीन वर्षांत उत्तर आलं नव्हतं. तोंडाने विचारलेल्या गोष्टींना त्या माणसाने आधी तरी कधी धड उत्तर दिलं होतं? त्यांचं उत्तर यायचं ते आवाजालाच.

त्या बाहेर आल्या. "कंडेन्सर बदल," त्यांनी धनीरामला सांगितलं. "दोन्ही पेट्यायचे. अन् तांदूळ राहू दे."

"आवाज फाटन, वहिनी."

"फाटू दे."

काम खरंच चहा उकळेपर्यंत झालं. जळक्या डागाचा वास ओसरीभर पसरला. एकेकाळी घराचा वासच तो होता. धनीरामने पेट्या उभ्या केल्या, तारा जोडल्या, आणि शकुंतलाबाई जुन्या सवयीने मशीनपाशी बसल्या. कॅसेट लावली. आधी हार्मोनियमचा सूर भरला, मग गाणारीचा आवाज आला, आणि शकुंतलाबाईंचा हात बटणावरच थांबला. गाणारीच्या बांगड्या ऐकू येत होत्या. हातवारे करताना किणकिणणाऱ्या काचेच्या बांगड्या, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास, मागे कुठेतरी मंडईत रडणारं तान्हं पोर. हे सगळं या कॅसेटमध्ये होतं आणि तीन वर्षं त्यांनी ते ऐकलं नव्हतं. डग्गा घुमला. उजवीकडून झर्र आली, आधीपेक्षा स्वच्छ, एकेक दाणा मोजून घ्यावा अशी. शकुंतलाबाईंनी खाटेकडे पाहिलं. सोमाजींचे डोळे छपराकडे होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. डावा हात गोधडीवर पडलेला, बोटं सैल. पहिलं कडवं संपलं, दुसरं लागलं. काही नाही.

नाही. मग नाही. शकुंतलाबाईंच्या छातीवरून एक मोठं ओझं उतरलं, म्हणजे पोळ्याच्या दिवशी कुणी ऐकलं नव्हतं. आणि उतरलं तिथे इतकी मोठी पोकळी झाली की त्यांना ओझंच परत हवंसं वाटलं. ऐकलं असतं तरी चाललं असतं. शाप दिले असते तरी चाललं असतं.

"आता पाहा मजा!" धनीराम मागे पेट्यांच्या तारा नीट करत होता, तो खुशीत आला आणि हात लांब करून त्याने मशीनचं बटण भरकन फिरवलं. गाणं गल्लीभर गेलं. टोकाची ठोकाठोक थांबली. आणि खाटेवर, गोधडीच्या वर, सोमाजींचा डावा हात उचलला गेला. फार नाही, वीतभर. तळवा खाली झाला. खाली दबला. पुन्हा उचलला गेला आणि पुन्हा दबला.

धनीरामची पाठ होती. त्याला दिसलं नाही. शकुंतलाबाईंनी बटण कमी केलं. हात दबतच होता. त्यांनी आणखी कमी केलं, आणखी, मग खटकन मशीन बंदच झाली. "काहून बंद केलं, वहिनी?" धनीरामने विचारलं. त्यांनी ऐकलं नाही. गाणं बंद होतं, बांगड्या बंद होत्या, हातोड्याही अजून सुरू झाल्या नव्हत्या, आणि तो हात तरीही खाली, खाली दबत होता. आता आणखी कशाचा आवाज कमी करायचा, हे त्यांना कळेना. मग कळलं. कुणीतरी ओरडत होतं. गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात, रडत, ओरडत होतं, "ऐकून राहिले होते तुमी? समदं ऐकलं? समदं?" आणि तो आवाज त्यांचा स्वतःचा होता.

त्या खाटेशी जाऊन खाली बसल्या. "ऐकलं तुमी?" त्यांनी विचारलं. हात दबला. त्यांनी आवाज आणखी उतरवला. "पोळ्याच्या दिवशीबी?" हात दबला, पण कमी. त्यांनी आवाज इतका खाली नेला की मागे उभ्या असलेल्या धनीरामलाही शब्द कळू नयेत, फक्त उशीपर्यंत पोचावेत. "मी जे बोलली, ते?"

सोमाजींची बोटं जागच्या जागी वळली, आणि मूठ मिटली.

इथेच ठेव. शकुंतलाबाई त्या मुठीकडे बघत राहिल्या. गल्लीच्या टोकाला पहिली हातोडी पितळेवर पडली, मग दुसरी. याच आवाजात आता पुढे बोलायचं होतं, आणि बोलायला त्यांच्यापाशी खरं होतं ते एवढंच होतं.

"मले राग येते," त्या म्हणाल्या. "सकारी उठलं का."

मूठ सुटली नाही.